पालकसभेतली सहा मिनिटं: बाईंना नेमकं विचारायचं काय?

कोरी_पाटी | सोमवार, रात्री १०.४०

मुलगी चौथीत आहे. परवा पालकसभा होती. वर्गाबाहेर पाऊण तास ताटकळले, आत सहा मिनिटं मिळाली. बाई चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. गुणपत्रक पुढे सरकवत म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण लक्ष नसतं. गणितात तर फारच. घरी थोडं लक्ष द्या." मी मान डोलावली, सही केली, बाहेर आले. घरी नवऱ्यानं विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, लक्ष द्या म्हणाल्या. "कशाकडे?" तिथे माझी बोलती बंद.

लक्ष देत नाही असं नाहीये हो. रोज संध्याकाळी तिच्यासोबत बसते. बेरीज, वजाबाकी, पाढे सगळं चोख. शाब्दिक उदाहरणं आली की मात्र गाडी अडते. मग माझा आवाज चढतो, तिचे डोळे भरतात आणि शेवटी "अगं, इथे वजाबाकी कर" असं सांगून मी मोकळी होते. गृहपाठाच्या वहीत सगळं बरोबर, परीक्षेत सगळं चूक.

महिन्याभरानं पुन्हा सभा आहे. या वेळी नुसती मान डोलवायची नाही असं ठरवलंय. तुम्ही सभेत काय विचारता? शाळेकडून काय अपेक्षा ठेवता? इथल्या शिक्षक मंडळींनीही लिहा, तुम्हाला आमच्याकडून खरंच काय हवं असतं? "सहकार्य" हा शब्द टाळून सांगा, तो सूचनावहीत दर आठवड्याला येतो.

रिकामटेकडा | सोमवार, रात्री १०.५२

सहा मिनिटं? चैन आहे तुमची. मला दोन मिळतात, त्यातलं एक मी कोणाचा बाबा हे सिद्ध करण्यात जातं.

तिसरा_बाक | सोमवार, रात्री ११.०५

"हुशार आहे पण लक्ष नसतं" हे माझ्या प्रगतिपुस्तकात होतं, माझ्या बाबांच्याही. घराण्याचं बोधवाक्य म्हणून दारावर कोरून घ्यावं म्हणतो.

गंभीर उत्तर उद्या. आत्ता मुलाचा प्रकल्प चिकटवतोय. (मुलगा झोपलाय.)

खडूचीभुकटी | मंगळवार, सकाळी ६.१५

मी एकोणीस वर्षं प्राथमिकला शिकवते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून लिहिते.

आधी हिशोब. माझ्या वर्गात ४२ मुलं. प्रत्येक पालकाला सहा मिनिटं म्हणजे चार तास बारा मिनिटं, मध्ये पाणी प्यायलाही न उठता. पंचविसाव्या पालकापाशी पोचेपर्यंत माझं डोकं बधिर झालेलं असतं आणि तोंडातून ठेवणीतली वाक्यं पडायला लागतात. "लक्ष नसतं" हे त्यातलं पहिलं. प्रामाणिकपणे सांगते, मूल कुठे अडतंय हे मी नीट पाहिलेलं नसलं की मी ते वाक्य वापरते. मुलाबद्दल त्यातून काही कळत नाही, बाईंना वेळ झाला नाही एवढं कळतं.

तेव्हा कोरी_पाटी, पुढच्या सभेत गुणपत्रक बाजूला ठेवा आणि म्हणा, "बाई, जिथे तिचं चुकलंय असं एखादं पान दाखवता का?" कुठलीही बाई यावर चिडणार नाही. पान समोर आलं की बोलणं आपोआप मुद्द्यावर येतं. दुसरा प्रश्न: "अडलं की ती काय करते?" हात वर करते, शेजारणीच्या वहीत बघते, की खोडरबराशी खेळत बसते? या तिन्हींवरचे उपाय निराळे असतात. आणि दोन्ही प्रश्न सभेच्या चार दिवस आधी चिठ्ठीनं कळवा. मग त्या चार दिवसांत बाई तिच्याकडे मुद्दाम बघतील. मी तरी बघते.

आम्हाला काय हवं असतं? घरची बातमी. माझ्या वर्गातला एक मुलगा मध्येच गप्प झाला. उत्तरं देईना, डबा तसाच परत. मी त्याला दोनदा रागावले. चार महिन्यांनी कळलं की त्याच सुमारास त्याची आजी अंथरुणाला खिळली होती आणि रात्रीची जाग त्याच्याच खोलीत असे. दोन ओळींची चिठ्ठी आली असती तर मी रागावले नसते. पालकांना वाटतं, घरचं शाळेत कशाला सांगायचं. सगळं नका सांगू. झोप, आजारपण, घर बदलणं, धाकट्याचा जन्म, एवढं तरी सांगा.

आणि एक, जे तुम्हाला आवडणार नाही. गृहपाठातलं उदाहरण तिला आलं नाही तर तिला उत्तर सांगू नका. "हे जमलं नाही, इथे वीस मिनिटं अडली" असं समासात लिहून वही तशीच पाठवा. तुम्ही "वजाबाकी कर" सांगता तेव्हा दुसऱ्या दिवशी मला वहीत बरोबर उत्तर दिसतं आणि मी पुढच्या धड्याकडे वळते. तुमची रोजची मेहनत माझ्यापासून तिची अडचण लपवतेय.

कोरी_पाटी | मंगळवार, सकाळी ८.३०

शेवटचा परिच्छेद वाचून चहा गार झाला. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं, वही अपुरी गेली तर बाई म्हणतील आईचं लक्ष नाही.

अर्धविराम | मंगळवार, दुपारी १.२०

सगळे भावुक झालेत म्हणून विरोधी सूर लावतो. शिकवणं हे शाळेचं काम. त्यासाठी ती आहे. मी डॉक्टरकडे गेलो तर ते "घरी थोडं ऑपरेशन करा" म्हणत नाहीत. दिवसाचे सहा तास मूल तुमच्याकडे असतं, त्यात शाब्दिक उदाहरण शिकवून होत नसेल तर तो प्रश्न शाळेचा. घरी येऊन मुलानं खेळावं, लोळावं. संध्याकाळी आईनं दुसरी शाळा भरवायची, मग रडारड, मग सहकार्यावर भाषणं. मुळात हे सगळं घरी येतंच का?

बाकावरचा | मंगळवार, दुपारी १.३४

ऑपरेशन करा म्हणत नाहीत, पण पथ्य पाळा म्हणतातच की. आणि आपण ते पाळत नाही, हेही खरं.

जुनी_वही | मंगळवार, दुपारी ३.१०

अर्धविराम, तुमच्या बाजूनं थोडा पुरावा देतो. (माझं काम शिक्षणातल्या आकडेवारीचं आहे, सवयीनं बोलतो.) गृहपाठावरचं बहुतेक संशोधन एकत्र तपासणारे हॅरिस कूपर यांना २००६ च्या आढाव्यात असं दिसलं की माध्यमिकच्या मोठ्या मुलांत गृहपाठ आणि गुण यांचं नातं बऱ्यापैकी आहे, प्राथमिकच्या मुलांत ते खूपच क्षीण आहे. इयत्तेला दहानं गुणा, तेवढी मिनिटं रोजचा अभ्यास पुरे, हा ठोकताळा त्यांच्याच नावानं सांगितला जातो. चौथीला चाळीस मिनिटं, तेही सगळे विषय धरून. त्यामुळे एका उदाहरणावर तासभर रडारड चालली असेल तर ती थांबवावी, यात वाद नाही.

पण "घराचा संबंध नाही" इथे मी तुमच्याबरोबर नाही. इंग्लंडमध्ये २००३ साली डेस्फोर्जेस आणि अबुशार यांनी सरकारसाठी या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. पालक शाळेच्या कार्यक्रमांना किती येतात याचा मुलांच्या शिकण्याशी फारसा संबंध दिसला नाही. घरात मुलाशी किती बोललं जातं, त्याच्याकडून काय अपेक्षा असतात, शिकण्याला घरात किती मोल आहे, याचा दिसला. म्हणजे स्नेहसंमेलनात खुर्च्या मांडल्या नाहीत म्हणून कोणी अपराधी वाटून घेऊ नये.

रिकामटेकडा | मंगळवार, दुपारी ३.१५

हा प्रतिसाद छापून बायकोला दाखवतोय. मी खुर्च्या मांडत नाही यामागे संशोधन आहे.

गणिताचा_धसका | मंगळवार, रात्री ९.४५

माझ्या आयडीवरून कळलंच असेल. नववीत गणितात गचकलो होतो आणि अजून स्वप्नात कोरा पेपर येतो. तरी मुलाला अपूर्णांक शिकवायला मीच बसायचो, कारण "बापानं लक्ष द्यायला हवं". मी सांगायचो एक पद्धत, शाळेत शिकवलेली दुसरी. तो म्हणायचा, "सर असं नाही करत." मी म्हणायचो, "सरांना काय कळतंय!" हे वाक्य मुलापुढे बोललो याची आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी तो सरांकडे कुठल्या नजरेनं बघणार?

मग या विषयावरचा एक अभ्यास वाचनात आला. २०१५ चा, मलोनी, बायलॉक वगैरे मानसशास्त्रज्ञांचा, पहिली-दुसरीच्या ४३८ मुलांवरचा. ज्या पालकांना गणिताची भीती आहे ते जितक्या वेळा गृहपाठात मदत करतात, तितकं त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकतात आणि तीही गणिताला घाबरायला लागतात. मदत क्वचितच केली तर असा परिणाम दिसला नाही. वाचून दोन दिवस गप्प होतो. म्हणजे मी घरी उशिरा आलो असतो तर पोराचं भलं झालं असतं!

सरांना जाऊन खरं ते सांगितलं: मला गणित येत नाही, शिकवायला गेलो की भांडण होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, तुम्ही शिकवू नका, विद्यार्थी व्हा. फक्त विचारा, "हे कसं केलंस ते मला समजावून सांग." नाही समजलं तर "नाही समजलं" म्हणा. तेवढंच करतो. आता तो वैतागून म्हणतो, "बाबा, तुम्हाला काहीच येत नाही." खरंच येत नाही, त्यामुळे अभिनय करावा लागत नाही.

मधली_सुट्टी | मंगळवार, रात्री १०.०२

"सरांना काय कळतंय" ला समांतर वाक्य शाळेतही असतं बरं का. "हे घरी कोणी शिकवलं? विसर ते." माझी लेक रडत आली होती. आजोबांनी दाखवलेल्या पद्धतीनं भागाकार केला होता, उत्तर बरोबर होतं, तरी त्यावर फुली. दोन मोठ्यांत कोण बरोबर हे आठ वर्षांच्या मुलीनं ठरवायचं.

चष्मा_कुठे_ठेवला | बुधवार, सकाळी ७.५०

कोरी_पाटीताई, सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. माझ्या मुलाचंही "लक्ष नसतं" होतं. फळ्यावरचं दिसत नव्हतं एवढीच गोष्ट निघाली. मुलं आपणहून सांगत नाहीत, सगळ्यांना असंच दिसतं असं त्यांना वाटतं. शाळेनं नेत्रतपासणी केली होती म्हणे, त्या दिवशी तो गैरहजर. कोणी परत विचारलं नाही. शाळेनंही नाही, मीही नाही.

कोरी_पाटी | बुधवार, सकाळी ९.१०

डोळे तपासलेत, ठीक आहेत. कानांचं करून घेते. धन्यवाद.

दोन_पाळ्या | बुधवार, रात्री ११.५५

आत्ता कामावरून आलो म्हणून उशिरा. सगळं वाचलं. मला एकच सांगायचंय. आमच्या शाळेची सभा नेहमी कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता असते. मी दोन ठिकाणी काम करतो, बायको नाही. दोन वर्षांत एकाही सभेला गेलो नाही. मुलीच्या नोंदीत "पालक उदासीन" असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. रोज सकाळी तिची वेणी घालताना तिच्याकडून कविता म्हणून घेतो. ते कोणत्या रकान्यात लिहायचं?

खडूचीभुकटी | गुरुवार, सकाळी ६.०५

दोन_पाळ्या, असं मीही लिहिलेलं आहे. तुमच्याबद्दल नव्हे, पण दुसऱ्या कोणाबद्दल. आता लिहिणार नाही.

मुख्याध्यापकांना विचारून बघा, फोनवर दहा मिनिटं बोलता येईल का. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी ही सोय सुरू झाली आणि गंमत म्हणजे जे पालक "कधीच येत नाहीत" तेच सगळ्यात नेमकं बोलतात. रांगेत उभे राहून दमलेले नसतात ना.

सही_पुरती | गुरुवार, दुपारी २.३०

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा इथे लिहिते आहे, एरवी वाचनमात्र.

माझ्या आईला सहीपुरतं लिहिता यायचं. पालकसभेला ती दाराशीच उभी राहायची, कोणी काही वाचायला दिलं तर काय, या धाकानं. तिसरीच्या माझ्या बाईंनी ते ओळखलं. सगळ्यांदेखत काही बोलल्या नाहीत. नंतर तिला थांबवून म्हणाल्या, "ही रोज घरी येईल तेव्हा दप्तर तुमच्यापुढे रिकामं करायला सांगा आणि प्रत्येक वहीत आज काय झालं ते तिला बोलू द्या. मी पानावर खूण करीन. बरोबरची खूण असली तर काम झालंय. गोल असला तर राहिलंय. दोन गोल असले तर मला भेटा."

एवढंच. आई दोन गोल दिसले की दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता शाळेच्या फाटकाशी हजर. वर्षभरात तीनदा गेली असेल. मला मात्र रोज सगळ्या वह्या तोंडी सांगाव्या लागायच्या, आणि आई मध्येच विचारायची, "मग ते पाणी वर जातं कसं?" बाष्पीभवन मी आईला समजावता समजावता शिकले. आज मी स्वतः प्रयोगशाळेत काम करते.

तिसरा_बाक | गुरुवार, दुपारी २.५१

दोन गोल! कुठलं ॲप नाही, पासवर्ड नाही. सलाम तुमच्या बाईंना.

जुनी_वही | गुरुवार, सायंकाळी ५.४०

सही_पुरती, तुमच्या बाईंनी जे केलं ते पुढे रीतसर प्रयोग करून तपासलं गेलंय. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स, २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. अमेरिकेत नापास झालेल्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग असतात. तिथल्या काही विद्यार्थ्यांच्या पालकांना आठवड्यातून एकदा शिक्षकांचा एका वाक्याचा निरोप जायचा. फक्त एक वाक्य. निरोप न मिळालेल्या गटात १५.८ टक्के विद्यार्थी विषय पूर्ण करू शकले नाहीत, निरोप मिळालेल्या गटात ९.३ टक्के. मुख्यतः मुलांचं मधूनच सोडून जाणं कमी झालं.

निरोप दोन प्रकारचे होते. काहींना "छान चाललंय" अशा धाटणीचे, काहींना "इथे सुधारणा हवी" असे. जास्त फरक पडला तो दुसऱ्या प्रकारानं. कौतुक वाईट असं नाही, पण "छान" ऐकून घरी बोलायला काही उरत नाही. "मागच्या दोन प्रयोगांच्या नोंदी राहिल्यात" म्हटलं की जेवताना बोलणं निघतं.

याच रॉजर्स यांनी फेलर यांच्याबरोबर फिलाडेल्फियात केलेला आणखी एक प्रयोग आहे, २०१८ चा. मूल किती दिवस गैरहजर होतं तो नेमका आकडा पत्रानं पालकांना कळवला. सतत गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्के किंवा त्याहून जास्त घटलं. आपलं मूल फारसं बुडवत नाही असं प्रत्येकाला वाटत असतं. "वारंवार गैरहजर" हा शेरा दुसऱ्या कोणासाठी आहे असं वाटतं, सतरा हा आकडा मात्र आपलाच असतो.

अर्धविराम | गुरुवार, सायंकाळी ६.१५

एक वाक्य मला चालेल. माझ्या मुलाच्या शाळेच्या ॲपवर दिवसाला अकरा सूचना येतात. त्यातल्या नऊ गणवेशाबद्दल.

शिट्टी_वाजली | गुरुवार, सायंकाळी ७.०५

आणि पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप? रात्री साडेअकराला "उद्या पिवळा कागद आणायचाय का?" पुढच्या दहा मिनिटांत सतरा जण "मलाही हवंय", चार जण "कोणता पिवळा?", आणि एका आजोबांचा सूर्योदयाचा फोटो. सकाळी कळतं की कागद दुसऱ्या तुकडीला हवा होता.

रिकामटेकडा | गुरुवार, सायंकाळी ७.०९

सूर्योदयाच्या फोटोला हसू नका. त्यात पिवळा कोणता ते दिसतं.

मधली_सुट्टी | गुरुवार, सायंकाळी ७.३०

प्रकल्पांबद्दल कोणीच का बोलत नाही? आमच्या वर्गात ज्वालामुखी आले तेव्हा एकाचा दिवे लावलेला, आवाजासकट होता. बाईंनी त्या मुलाला विचारलं, लाव्हा म्हणजे काय रे? तो म्हणाला, "बाबांना माहितीये."

तिसरा_बाक | गुरुवार, सायंकाळी ७.४८

तो बाबा मी नव्हे. माझ्यात आवाज नव्हता.

आठवीची_आई | गुरुवार, रात्री ९.२०

मला या माहिती-माहितीच्या उत्साहाला जरा खीळ घालायची आहे. माझा मुलगा आठवीत. चाचणीचे गुण त्याला वर्गात कळायच्या आधी माझ्या फोनवर येतात. परवा तो दारातून आत आला, मी विचारलं, "भूगोलात काय झालं?" तो नुसता बघत राहिला. म्हणाला, "मला सांगायची संधी तरी द्यायचीस." खोटं बोलायची संधी असं मला आधी वाटलं. रात्री झोप लागली नाही तेव्हा पटलं की तो बरोबर होता. वाईट बातमी आपल्या तोंडानं आईला सांगणं हेही शिकावंच लागतं, आणि ते ॲपनं त्याच्याकडून काढून घेतलं. शाळा आणि मी इतक्या छान बोलतोय की मधल्या मधे त्याला बोलायला जागाच नाही.

खडूचीभुकटी | शुक्रवार, सकाळी ६.२०

आठवीची_आई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. चौथीच्या मुलीची खबरबात आणि आठवीच्या मुलावरची पाळत यांत फरक करायलाच हवा.

आमच्या शाळेत गेल्या वर्षी वरच्या वर्गांसाठी सभा उलटी केली. पालक आणि शिक्षक गप्प बसणार, मूल बोलणार. त्यानं आपल्या वह्यांतली तीन पानं निवडून आणायची: एक ज्याचा अभिमान वाटतो, एक जमलेलं नाही, आणि एक मदत हवी आहे असं. पहिल्या दिवशी गोंधळ झाला. निम्मे पालक मुलाच्या आधी उत्तरं देत होते. एका आईला मी खुणेनं तोंडावर बोट ठेवायला सांगितलं, ती बिचारी बोट ठेवून बसलीच. पण एका मुलानं, जो वर्षभर माझ्याशी चार वाक्यं बोलला नव्हता, "मदत हवी" चं पान काढलं आणि म्हणाला, "बाई फळ्यावर लिहितात तेव्हा बोलतात पण. मला एका वेळी एकच जमतं." मी एकोणीस वर्षं दोन्ही एकदम करत आलेय.

प्रत्येक मुलाशी हे जमलं नाही. काहींनी तिन्ही पानं चित्रकलेची आणली.

जुनी_वही | शुक्रवार, दुपारी १२.१५

पालक आणि शाळा एका टेबलाशी बसण्याबद्दल जेम्स कोमर यांची आठवण काढायला हवी. येल विद्यापीठातले बालमनोविकारतज्ज्ञ. १९६८ साली न्यू हेवन शहरातल्या दोन शाळांमध्ये काम सुरू केलं. त्या शाळांचे निकाल वाईट, हजेरी वाईट. त्यांचं निदान असं होतं की मुलांच्या बुद्धीत खोट नाही, घर आणि शाळा यांचा एकमेकांवर विश्वास नाही. त्यांनी प्रत्येक शाळेत शिक्षक, पालक, मुख्याध्यापक यांची एक समिती केली आणि तिला तीन नियम घातले: दोषारोप नाही, निर्णय मतदानानं नाही तर सहमतीनं, आणि एकमेकांच्या पायात पाय घालायचा नाही. पुढच्या वर्षांत त्या शाळांचे निकाल आणि हजेरी दोन्ही सुधारली. कोमर यांची स्वतःची आई शाळेत फारशी गेलेली नव्हती. सही_पुरती यांचा प्रतिसाद वाचताना तेच आठवलं.

अर्धविराम | शुक्रवार, दुपारी १२.४०

दोषारोप नाही हा नियम आमच्या पालक-शिक्षक संघाला लावला तर बैठक चार मिनिटांत संपेल.

बरं, थोडं मागे येतो. माझा राग घरी अभ्यास आणण्यावर होता, घराशी बोलण्यावर नव्हता. ते दोन्ही मी एकाच पोत्यात भरले होते. पण शाळेनं आपलं शिकवणं पालकांवर ढकलायचं आणि त्याला सहभाग म्हणायचं, याला माझा विरोध कायम.

खडूचीभुकटी | शुक्रवार, दुपारी १.०५

त्या विरोधाला माझंही अनुमोदन.

शिट्टी_वाजली | शुक्रवार, दुपारी १.१०

स्क्रीनशॉट काढून ठेवा, या संस्थळावर अर्धविराम यांनी माघार घेतल्याची पहिली नोंद.

(पाच आठवड्यांनी)

कोरी_पाटी | रविवार, रात्री ९.१५

धागा वर काढते. काल सभा झाली.

खडूचीभुकटी यांनी सांगितल्याप्रमाणे चार दिवस आधी चिठ्ठी दिली आणि त्याआधी तीन आठवडे गृहपाठाच्या वहीत "अडली" असं समासात लिहून पाठवत होते. पहिल्यांदा लिहिताना हात थरथरला. मुलीला तर धक्काच, "आई, बाई मारतील ना!" बाईंनी काही केलं नाही. तिसऱ्या "अडली" नंतर समासात उत्तर आलं, "तिला मोठ्यानं वाचायला सांगते."

सभेत मुलीलाही घेऊन गेले. बाईंनी एक पान काढून ठेवलं होतं. उदाहरण असं: एका डब्यात १८ पेन्सिली आहेत. त्या दुसऱ्या डब्यातल्या पेन्सिलींपेक्षा ५ ने कमी आहेत. दुसऱ्या डब्यात किती?

मुलीनं लिहिलं होतं १३. बाईंनी तिला पुन्हा सोडवायला सांगितलं, तिनं क्षणात वजाबाकी करून पुन्हा १३. "का गं?" तर म्हणते, "कमी आलं की वजाबाकी, जास्त आलं की बेरीज." कोणी सांगितलं? तिनं आधी माझ्याकडे बोट केलं, मग बाईंकडे.

दोघी एकमेकींकडे बघून हसलो. मी घरी भांडण टाळायला तो शब्द शोधायची युक्ती दिली होती, बाईंनी वर्गात वेळ वाचवायला. दोन्हीकडून तेच ऐकल्यामुळे तिनं ते इमानेइतबारे पाळलं. लक्ष नसतं कुठे, भलतंच लक्ष होतं.

आता असं ठरलंय: आकड्याला हात लावायच्या आधी दोन रेघा काढायच्या, एक लांब, एक आखूड, आणि कुठला डबा कुठली रेघ ते लिहायचं. घरी रोज एकच उदाहरण, मी फक्त "मला सांग" म्हणायचं. बाई दर शुक्रवारी वहीत एक ओळ लिहिणार. त्या म्हणाल्या, सगळ्या ४० मुलांना नाही जमणार, आलटून पालटून दहा-दहा जणांना लिहीन. म्हणजे माझा शुक्रवार महिन्यातून एकदाच, पण चालेल.

तिचं अजून दहातलं चारच बरोबर येतं. रडणं थांबलंय. कान तपासले, उत्तम आहेत, फक्त मी हाक मारली की ऐकू येत नाही.

दोन_पाळ्या | रविवार, रात्री ११.५०

छान वाटलं वाचून ताई. मी मुख्याध्यापकांना फोनचं विचारलं. हो म्हणाले. पहिला फोन येत्या मंगळवारी, सकाळी सातला. मुलगी म्हणते, बाईंना कविता मी म्हणून दाखवणार.

सही_पुरती | सोमवार, सकाळी ८.००

दादा, मंगळवारी कसं झालं ते लिहा नक्की.

रिकामटेकडा | सोमवार, सकाळी ८.१२

मघापासून बघतोय, १३ मध्ये चूक काय आहे?

खडूचीभुकटी | सोमवार, सकाळी ८.२०

पुढच्या सभेला आईवडिलांना घेऊन या.